ईश्वरप्पांनी पसंत केलेलं पिस्तूल

मी एक जुनं पिस्तूल आहे, मित्रांनो. परदेशी कारखान्यात घडले. हैदराबादच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने मला कित्येक वर्षं तेलपाणी करून जपलं. तो वारला आणि मी नांदेडच्या एका दुकानात विकायला आले.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पावसाने पाठ फिरवली होती, ज्वारी गुडघ्याएवढीही वाढली नव्हती. उदगीरचे धान्याचे व्यापारी ईश्वरप्पा नव्या जिल्ह्याचा पिस्तुलाचा परवाना घेऊन दुकानात आले. त्यांचं गोदाम भरलेलं होतं आणि गाव उपाशी होतं. त्यांना झोप लागत नव्हती.

दुकानदाराने दोन जुनी पिस्तुलं समोर ठेवली.

"शेठ, ह्याचा घोडा आधी अंगठ्यानं चढवा, मग चाप वढा. आन् हे," त्याने मला उचललं, "नुसता चाप वढा. घोडा आपसूक चढतो, गोळी सुटते. दुसरी गोळी तयारच."

ईश्वरप्पांनी माझी नळी उजेडाकडे धरून पाहिली. कुठे गंज नव्हता.

"हेच द्या. येळेला इचार करत बसायला नको."

मला केवढा अभिमान वाटला!

घरी त्यांची बायको रुद्राणी म्हणाली, "हे कुणासाठी आणलाव?"

"चोरासाठी."

"चोर कुठं हायत? उपाशी लोकं हायत ती."

त्यांच्या गोदामात पारूबाई वर्षानुवर्षं धान्य पाखडायची. सांडलेले दाणे घरी न्यायची तिला मुभा होती. दुष्काळात ईश्वरप्पांनी तिचं कामही बंद केलं आणि दाणेही. एका संध्याकाळी ती मागच्या दाराने आत आली आणि पोत्यांआड बसून दाणे वेचू लागली. खसफस ऐकून ईश्वरप्पा मला घेऊन धावले.

"कोन हाय तिथं?"

"मी हाय मालक, पारू..."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत चाप ओढला गेला होता. माझं काहीच अडलं नाही. पारूबाई तिथेच गेली.

अंधारात चोर वाटला, असं ईश्वरप्पांनी कोर्टात सांगितलं आणि ते सुटले. पुढे मला परत न्यायला ठाण्यात आले. फौजदारांनी मला टेबलावर ठेवलं, ईश्वरप्पांनी हात पुढे केला. तेवढ्यात सोबत आलेली रुद्राणी म्हणाली, "हे घरात आलं तर मी घरात न्हाई."

ईश्वरप्पांनी हात मागे घेतला. तेव्हापासून मी ठाण्याच्या मालखान्यात, जप्त वस्तूंच्या खोलीत, पडून आहे.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. मला तेल लावू नका. मला गंजू द्या.