रिकाम्या गाडीचं वजन

घट्ट धरून ठेव म्हणून सांगायचं, आणि सोडत नाही म्हणून मग त्यालाच दोष द्यायचा, ही कुठली रीत? माझ्या अंगावर आज सकाळी पांढऱ्या खडूने दोन रेघा मारल्यात. तिथून मला कापणार आहेत. माझा गुन्हा एवढाच, की मी सांगितलेलं काम केलं.

मी एक चौकोनी पोलादी नळी आहे, दोन हात लांब. गॅरेजात मला कनेक्टर म्हणतात. तुम्ही मला पाहिलेलं नसणार. गाडी घेताना तुम्ही रंग बघता, सीटवर हात फिरवता, हॉर्न वाजवता; खाली वाकून बघायला कुणाची कंबर लवत नाही.

भट्टीतले दिवस मला आठवत नाहीत. आठवतं ते लोखंडाचं दुकान, तिथला तेलकट वास आणि मला उचलून एका डोळ्याने माझ्या आरपार बघणारा दादा. त्याच्याकडे दोन दारांची जुनी, वेगवान गाडी होती. ट्रकला असतो तसा अख्खा सांगाडा तिला नव्हता. पुढच्या चाकांना धरणारी एक चौकट, मागच्या चाकांना धरणारी दुसरी, आणि दोघींच्या मध्ये नुसता पत्रा. दादाने इंजिन तगडं करून घेतलं, आणि गाडी वळणावर पिळायला लागली. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात तडा गेला. दोन्ही चौकटी एकमेकींना बांधायला डावीउजवीकडे एकेक कनेक्टर हवा होता.

"नटबोल्टचे घे," गॅरेजवाले काका म्हणाले. "उद्या नको झाले तर काढता येतात."

"काढायचेच असतील तर लावायचे कशाला, काका? वेल्डिंगच करा."

"लग्नात मीही असाच जोरात बोललो होतो," काका म्हणाले, आणि त्यांनी माझे दोन तुकडे केले. एक मी, एक माझा जुळा. मी चालकाच्या बाजूला आलो.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच घडलं. गाडी जॅकवर टांगून वेल्डिंग केलं तर ती लोंबकळलेल्या आकारातच गोठते. म्हणून ती चारही चाकांवर, गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी केली आणि काका खड्ड्यात उतरले. पण दादाला तेवढ्याने भागेना. 'शर्यतीत मी आत असणार, तर माझं वजन धरूनच तिला बांधा,' असा त्याचा हट्ट. बाहेरगावाहून एक काटेवाला बोलावला. त्याने प्रत्येक चाकाखाली एक चपटा वजनकाटा सरकवला आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून आकड्यांच्या डब्याकडे बघत बसला. रिकामी गाडी अकराशे चाळीस. दादा बसल्यावर बाराशे बावीस.

"ब्याऐंशी किलो! कमी जेव जरा," दारापाशी उभी असलेली धाकटी बहीण म्हणाली.

"तू पन्नासची काडी. वाऱ्याने उडशील," दादा आतून म्हणाला.

कार्पेट काढलेलं, पायाखाली ओलं गोणपाट. काका इथे दोन बोटं, तिथे दोन बोटं असा टाका घालत होते. दादाला एक सवय होती: सीटवर बसला की दोनदा सरकायचा आणि अंगठीने स्टिअरिंगवर टक टक करायचा.

"हलू नकोस रे!" खड्ड्यातून काका ओरडले. "मी ऊठ म्हणेपर्यंत बसून राहायचं."

तो बसला. मी तापलो, वितळलो, पुन्हा घट्ट झालो. त्याच्या वजनाने पत्र्याला आलेला केसभर बाक माझ्यात कायमचा बसला. मग काका चहा प्यायला गेले आणि ऊठ म्हणायचं विसरले. दादा हसत आपणच उतरला. मी मात्र ते अजून विसरलेलो नाही.

सहा महिने गाडी बाणासारखी पळाली. दादा आत बसून दार ओढायचा तेव्हा 'कट्' असा एकच स्वच्छ आवाज यायचा. मला वाटायचं, मी ह्याला जपतोय. केवढा गर्व! दादा गेला तो गाडीत नाहीच. कामावरून चालत येताना छातीत कळ आली आणि तो फुटपाथवर बसला, तो उठलाच नाही. ब्याऐंशी किलो धरून ठेवायला सांगितलेलं पोलाद तेव्हा शेडमध्ये उभं होतं.

मग वर्षभर कुणी फिरकलं नाही. मी गंज धरला. आणि मग रोज दुपारी, तीनच्या सुमाराला, वजन येऊ लागलं.

आधी मला खरं वाटलं नाही. शेडचं दार बंद, बाहेर ऊन. चालकाच्या बाजूची स्प्रिंग सावकाश दबली, माणूस टेकतो तशी. दोनदा सरकल्यासारखं झालं. टक टक. मग दार आपोआप लागलं. कट्. मी खूप वेळ तसाच ताठ राहिलो. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. हायसं वाटलं. ज्या वजनासाठी मी घडलो ते परत आलं होतं. मी ते जास्तच घट्ट धरलं.

मग धाकटीने शेड उघडली. घाटातल्या ज्या शर्यतीत दादा उतरणार होता, तिथे तिने स्वतःचं नाव दिलं होतं.

"असू दे ती तशीच," आई म्हणाली.

"तशीच म्हणजे कशी? गंजत?"

पण माझा बाक ब्याऐंशी किलोंचा; तिच्या पन्नास किलोंना दार लागेना. बोटभर फट राहायची. सरावात एका वळणावर ते उघडलंच, आणि खाली दरी होती. मग तिने सीटमागे बत्तीस किलोंची वाळूची पोती बांधली, तेव्हा ते निमूट लागलं. दोन महिने तिने ती वाळू वाहिली. परवा काकांसमोर तिचा बांध फुटला.

"काका, मी जन्मभर दादाचं वजन घेऊन चालवू का? हे कापा. मी बसते, माझ्या वजनावर नवे घाला."

काकांनी वाकून गाडीखालचा टाका बघितला. "त्याच्या वेळी मीच टाका घातला होता, पोरी."

"मग तुम्हीच सोडवा."

तिचं बरोबर आहे, हे मला कळतं. मेलेल्याच्या मापात जिवंत माणसाने का बसावं? मी तिला दरीत ढकलायला निघालो होतो आणि त्याला निष्ठा म्हणत होतो. कापा मला. पण मी सोडलं, तर तो कुठे बसेल?

आता तीन वाजलेत. वाळूची पोती दाराबाहेर काढून ठेवलीत. गाडी खड्ड्यावर उभी आहे, खाली काका कटर घेऊन तयार आहेत. तोच काटेवाला आलाय. दादा गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही. कापण्याआधी रिकाम्या गाडीचं वजन हवं, म्हणून त्याने चारही काटे सरकवले आणि मांडी घालून, मान खाली घालून डब्याकडे बघत बसलाय. धाकटी त्याच्या शेजारी उभी आहे. स्प्रिंग सावकाश दबते. दोनदा सरकल्यासारखं होतं. टक टक. काका खड्ड्यातून वर बघतात. दार लागतं. कट्.

डब्यावर आकडा उमटतो: बाराशे बावीस.

काटेवाला मान वर न करता म्हणतो, "ताई, आत बसलेत त्यांना आधी उठायला सांगा ना."