दिवाणी कैदेतलं जेवण

हसनाबादच्या बसथांब्यापाशी कडूबाचं सायकलीचं दुकान होतं. पत्र्याचं शेड आणि भाड्याने द्यायच्या पाच सायकली. त्या त्याने केदारखेड्याच्या काकासाहेबांकडून कर्ज काढून घेतल्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि लोक पायी चालायला लागले. हप्ते थकले. काकासाहेबांनी कोर्टाचा हुकूम आणला, बेलीफ सायकली घेऊन गेला. लिलावात काकासाहेबांच्याच माणसाने त्या मातीमोल उचलल्या. बाकी राहिलीच.

मग अटकेची नोटीस आली. कडूबाने पैसा दडवून ठेवलाय, असं काकासाहेबांनी अर्जात लिहिलं होतं. तारखेला कडूबा गेलाच नाही. वकील करायची ऐपत नव्हती. शिवाय आपल्याकडून न्यायला आता उरलंय काय, असं त्याला वाटलं.

साहेबराव बेलीफ सकाळीच आला. कडूबा पंक्चर काढत होता.

"चारशे तीस रुपये भरता का?"

"सायकली तुमीच नेल्या ना साहेब. आता काय राह्यलं?"

"मंग चला. वॉरंट हाये."

कडूबाची बायको गिरिजाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती. तिला हे संध्याकाळी कळलं.

दिवाणी कैद औरंगाबादला. महिन्याने ती एक हजेरी बुडवून भेटायला गेली. नवरा वाळून गेला असेल, असं मनात धरून गेली होती. समोर आलेल्या कडूबाचे गाल भरले होते.

"दोन टायमाला देतात?"

"देतात." तो खाली बघत म्हणाला. "या कैदेत जेवणाचा भत्ता सावकारालाच भरावा लागतो. काकासाहेब भरून राह्यले."

"आन् तिकडं पोरगी सुकडीवर हाये. कामावर मिळती तेवढीच."

त्याने फडक्यात बांधलेल्या भाकरी पुढे केल्या. रोजच्यातली अर्धी काढून त्याने त्या पोरीसाठी, बेबीनंदासाठी, वाळवल्या होत्या. गिरिजाबाईने त्या घेतल्या. एस्टीत बसल्यावर तिने एक तुकडा मोडला. मग दुसरा. हसनाबादला उतरली तेव्हा हातात नुसतं फडकं होतं.

"बानं काय देलं?" पोरीने विचारलं.

"काय न्हाई."

पोरीने पुन्हा विचारलं, तेव्हा तिने तिला एक चापट मारली.

तिसऱ्या महिन्याचा भत्ता काकासाहेबांनी भरला नाही. त्यामुळे कडूबाला सोडून दिलं. त्याने दुकान उघडलं आणि येईल त्याचं पंक्चर काढू लागला. आठ दिवसांनी साहेबराव दोन माणसं घेऊन आला.

"हत्यारं ठेवा, ती नेता येत न्हाईत. शेडाचे पत्रे काढायचेत."

"आवो, मी सुटून आलो की!"

"तुमी सुटले, कर्ज कुठं सुटलं? उलट दोन महिन्यांच्या जेवणाचे नव्वद रुपये तुमच्यावर चढले."

"माझ्या जेवणाचे? मी मागितलं व्हतं का?"

"कायदाच तसा हाये."

कडूबाने हातातला पाना खाली ठेवला. "मंग मला परत तिकडंच न्या."

"एकाच कर्जापायी दोनदा नेता येत न्हाई, कडूबा," साहेबराव हळूच म्हणाला.

नटबोल्ट गंजले होते. माणसं पहारीने पत्रा उचकटायला लागली, तसा तो वाकला. कडूबा पाना घेऊन स्वतःच वर चढला. वाकडा पत्रा कमी भावात जाईल आणि बाकी तेवढी जास्त राहील, हे त्याला कळत होतं.

कुणीतरी निरोप दिला म्हणून गिरिजाबाई काम टाकून आली.

"उतरा खाली! त्यांचं काम त्यांना करू द्या."

तो उतरला नाही. आठही पत्रे त्याने सरळ, न चेमटवता खाली दिले.

पत्र्यांचे एकशे दहा आले. जेवणाचे नव्वद धरून चारशे तीसची बाकी चारशे दहा झाली.

दुसऱ्या दिवशी कडूबा बायकोबरोबर खडीवर गेला. नाव लिहून घेताना मुकादमाने विचारलं, "इतके दिवस काय करत व्हते?"



"बसून खात व्हते," गिरिजाबाई म्हणाली आणि हातोडा उचलून दगडांकडे निघून गेली.