बाबा बांधावर

मित्रांनो, गोव्यातल्या नार्वे गावच्या एका घरात दाराशेजारच्या फळीवर चार्जरला लावलेला जुना अँड्रॉइड फोन म्हणजे मी. माझ्या काचेला तडा गेला आहे. माझ्यात एकच अॅप चालते. ते या घरच्या लेकीने, गौरवीने, आपल्या बाबांसाठी बनवले.

बाबांचे काम मानशीवर असे. मानस म्हणजे शेत आणि नदी यांच्यामधल्या बांधातले लाकडी दार. भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. त्यात फांदी अडकली तर खारे पाणी भातात शिरते, म्हणून भरती आली की बाबा बांधावर जात. आई परसात काम करत काळजीत असे. म्हणून गौरवीने ही सोय केली. निघताना बाबा मला बोट लावत आणि मी लाल होई, ‘बाबा बांधावर’. परतल्यावर पुन्हा बोट, मग हिरवा, ‘बाबा घरी’. आई आत आली की आधी मला बघे.

शेजारचे शंभूकाका थट्टा करत, “गोपाळा, बायलेक हजेरी दितस?”

“तूय दी. पण तुका सोदता कोण?” बाबा म्हणत.

गौरवी पणजीला अॅप बनवण्याची नोकरी करते. तिथे तिला आयफोनच्या कामावर घातले. पद्धतही नवी होती. माझ्यात तिने पडद्याला एकेक हुकूम लिहिला होता, रंग बदल, अक्षरे बदल. आता कोणत्या स्थितीत पडदा कसा दिसावा एवढेच लिहायचे. पडदा स्वतःच तसा होतो. बाबांना हे सांगितले तेव्हा ते हसले. “मगे आमची मानस ती. दाराक कोण सांगता? पाणी चडला की आपणच बंद.”

त्यानंतरच्या एका भरतीला ते बांधावरच कोसळले. शंभूकाकांनी त्यांना तिथूनच इस्पितळात नेले. ते परतले नाहीत. मला कोणी बोट लावले नाही. मी लालच राहिलो. आई माझा चार्जर रोज तपासते, पण कोणाला मला शिवू देत नाही.

आता माझी बॅटरी फुगली आहे.

“आई, हो पेटतलो एक दिस,” गौरवी म्हणाली. “सगळां माज्या आयफोनात घालतंय.”

“घाल. पण आता आसा तसांच दिसाक होया,” माझ्या लाल पडद्याकडे बोट दाखवत आई म्हणाली.

गौरवी मेजावर लिहायला बसली. बांधावर आणि घरी, दोन्ही स्थिती लिहून झाल्या. आज त्यातली कोणती, हेही तिलाच लिहायचे होते. तिथे तिची बोटे थांबली. माझ्यावरचे शब्द बाबांच्या बोटाने उमटले होते. इथे ते तिच्या हाताने उमटणार होते.

“आई, खोटां कसां लिवू गो?”

आईने सवयीने माझा चार्जर तपासला. मग म्हणाली, “तिसरां घालूक येता?”

“येता.”

“मगे खरां ता घाल.”

नव्या पडद्यावर रंग नव्हता. ‘बाबा गेले’ एवढेच होते. आईने ते वाचले. मग ती माझ्यापाशी आली आणि तिने मला बोट लावले. मी हिरवा झालो, ‘बाबा घरी’. थोडा वेळ तिने ते पाहिले आणि चार्जर काढून घेतला.

मित्रांनो, घरातला जुना फोन मोडीत देण्याची घाई करू नका. त्यात कोणी अडकून राहिले आहे का, ते घरच्यांना विचारा. आणि तो बंद करायचाच झाला, तर शेवटचे बोट त्यांना लावू द्या.