शिवणारी बाई कुठल्या पानावर?

मास्तरांनी हयातभर लोकांचे कपडे शिवले, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की शाळेचे गणवेश त्यांच्याकडे यायचे. दुकान बंद करून आता दोन वर्षं झाली होती. हात थरथरायला लागले म्हणून नव्हे. बायकोची नजर गेली म्हणून. दुकानात मास्तर कापायचे आणि मशीनवर बसायचे. तुरपाई, काजं, बटणं, हुक, अस्तर हे सगळं ती करायची. ती कामावरून उठली तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, की आपण आयुष्यभर अर्धाच कपडा शिवत होतो. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. पाटी उतरवली आणि घरी आले.

नजर गेली म्हणजे पार गेली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधलं दिसणार नाही, कडेचं दिसेल. म्हणजे दाराची चौकट दिसायची, दारात कोण उभं आहे ते दिसायचं नाही.

"चाळीस वर्षं कडाच शिवल्या," ती म्हणाली, "त्याच शिल्लक राहिल्या." आणि तो विषय तिनं तिथंच मिटवला.

तिला गोष्ट ऐकायची भारी हौस. ऐकणारी म्हणूनही मोठी जागरूक. सांगणारा एक पायरी चुकला, की ती त्याला हाताला धरून परत वर आणायची. तेव्हा मास्तर औषधाच्या दुकानावरच्या वाचनालयात गेले आणि एक जाडजूड कादंबरी घेऊन आले. चौदाव्या पानावर त्यांचा घसा बसला. ती परत करायला गेले, तर ग्रंथपालबाईंनी खिडकीजवळचं कपाट दाखवलं. सुपरहिरोंच्या आणि जादूच्या राज्यांच्या चित्रकथा, संच करून बांधलेल्या.

"यात वाचायला कमी असतं," बाई म्हणाल्या.

मास्तरांना हिशेब पटला. त्यांनी 'ताम्रपंख' नावाच्या संचाचा पहिला भाग आणला, दुपारचा चहा झाल्यावर बायकोसमोर बसले आणि पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर एकच शब्द होता. 'धडाम.' मास्तरांनी तो वाचला आणि पान उलटलं.

"थांबा," ती म्हणाली. "कोण पडलं?"

मास्तर मागं गेले. पडली ती इमारत होती. किती मजली, आत माणसं होती का, खिडक्यांना पडदे होते का, हे सगळं झालं. त्या एका पानाला वीस मिनिटं लागली.

पण पुस्तक संपेपर्यंत ती जागची हलली नाही. शेवटी म्हणाली, "अहो, वाचनालयात अभिप्रायाची वही असते ना? सांगते ते लिहून या."

मास्तरांनी लिहिलं. 'ताम्रपंख, भाग पहिला. नायक स्वभावाने चांगला वाटतो. मात्र पाठीवरची केप खांद्यावर दोनच ठिकाणी टाचलेली आहे. या वेगाने उडाल्यास केप पहिल्या चौकापर्यंत टिकेल. पुढे नायक एकटाच जाईल. सभासद क्रमांक २१४.'

मग मध्येच 'धुक्याचं राज्य' नावाचं दुसरं पुस्तक झालं. 'राणी पायघोळ झग्यात पंधरा पाने चिखलातून चालते. सोळाव्या पानावर झगा पांढराशुभ्र. राज्यात धुलाई फार चांगली असावी, पण धुणाऱ्याला एकही वाक्य दिलेले नाही. ड्रॅगनबद्दल तक्रार नाही.'

लोक वही वाचायला लागले. क्रमांक दोनशे चौदा भेटला की कुणी म्हणायचं, "मास्तर, काय डोकं आहे तुमचं!" मास्तर मान डोलवायचे. डोकं कुणाचं हे सांगायला तोंड उघडायचे, तोवर बोलणारा पुढं गेलेला असायचा. निदान मास्तरांना तसं वाटायचं.

भानगड झाली ती ताम्रपंखाच्या दुसऱ्या भागात.

त्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारातून एक गोष्ट पाहिली होती. ती सुईत दोरा ओवत होती. नुसत्या बोटांनी. दोरा ओला केला, पिळला, पुन्हा ओला केला. अर्धा तास. मग सुई तशीच डबीत ठेवली, डबी फळीवर ठेवली आणि भाजी चिरायला घेतली. मास्तर पावलं न वाजवता मागं सरले.

दुपारी वाचायला बसले. अकराव्या पानावर नायकाचा पोशाख खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला. बाराव्या पानावर तो आपल्या खोलीत उभा, आणि पोशाख नवाकोरा.

"कुणी शिवला?" तिनं विचारलं.

"तसं काही दाखवलेलं नाही."

"न दाखवायला काय झालं? आपोआप शिवला? नीट बघा. मागं कुणी असेल."

मास्तरांनी नीट बघितलं. मागं खिडकी होती, खिडकीत कुंडी, कुंडीशेजारी खुर्ची. खुर्ची रिकामी होती. मास्तरांनी खुर्चीकडं पाहिलं, मग फळीवरच्या डबीकडं पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "खुर्चीवर बाई बसलीय."

"कसली बाई?"

"वयस्कर. चष्मेवाली. शिवतेय."

"टाका कुठला?"

"तुरपाई."

"एवढ्या जाड कापडाला तुरपाई? दोन दिवस टिकायची नाही. उलटी टीप हवी."

मास्तरांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "उलटीच आहे. मला नीट दिसलं नव्हतं."

"हं," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

ऐकणारा असा मिळाला, की सांगणाऱ्याच्या जिभेवर कोण येऊन बसतं ते देवालाच ठाऊक. तिसऱ्या भागात ती बाई नायकाला बोलली, 'आधी जेव, मग जग वाचव.' चौथ्यात तो तिच्यापुढं उघड्या खांद्यानं तास-तासभर बसून राहिला, आणि बाहेर शहर जळत होतं. पाचव्यात तिनं दातानं दोरा तोडला तेव्हाच तो उडाला, त्याआधी नाही. ताम्रपंखाचे शत्रू कोण होते हे मास्तरांच्या बायकोला आता धड सांगता आलं नसतं, पण त्या बाईची सुई कितव्या नंबरची ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि प्रत्येक भागानंतर अभिप्राय. मास्तर न लिहिताही घरी येऊ शकले असते. पण घरी आलं की ती विचारायची, "लिहिलंत ना?" आणि एका खोट्यावर दुसरं खोटं चढवायचं नाही, एवढी सचोटी मास्तरांच्यात होती. म्हणून त्यांनी लिहिलं. 'भाग चौथा. शिवणाऱ्या बाईचा प्रसंग सर्वांत उत्तम. खलनायक नसता तरी चालले असते.'

त्या गावात एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या घरी ताम्रपंखाचे सहाही भाग प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून ठेवलेले होते. वाचायला ते वाचनालयाची प्रत वापरत. त्यांनी वही वाचली आणि चौथा भाग तीनदा चाळला. मग घरी जाऊन पिशवी फोडली, जी त्यांनी लग्नातही फोडली नव्हती. बाई नव्हती.

"पानं गेलीत," ते ग्रंथपालबाईंना म्हणाले.

बाईंनी पानं मोजली. एकशे चव्वेचाळीस, बरोबर.

"मग आवृत्ती वेगळी आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. या गावात आपल्याकडं नसलेली आवृत्ती आहे आणि ती एका शिंप्याकडं आहे, हे त्यांना जेवू देईना. तीन दिवसांत आणखी चौघे येऊन बाईचं पान मागून गेले. वाचनालयाचे कार्यवाह निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांचा कुठल्याही आवृत्तीवर विश्वास नव्हता. ते म्हणाले, "शिंपी आहे. घरात कात्री असणार." आणि त्यांनी चिठ्ठी पाठवली.

चिठ्ठी आली तेव्हा बायको समोरच बसली होती. "कुणाची?"

मास्तरांनी वाचून दाखवली. ग्रंथातील पाने कापल्याचा संशय, गुरुवारी हजर राहून खुलासा करावा, अन्यथा सभासदत्व रद्द.

"कापल्याचा?" ती उठून उभी राहिली. "तुम्ही? मी येते गुरुवारी. मला पानंच्या पानं पाठ आहेत. दाखवते एकेकाला."

"तू कशाला? मी बघतो ना."

"तुम्ही काय बघणार? तुम्ही मान डोलवून याल."

मास्तरांनी चिठ्ठीची घडी घातली. सभासदत्वाचं त्यांना काही नव्हतं. बुधवारी ते दोनदा तिच्यासमोर जाऊन बसले. एकदा पाणी मागितलं आणि एकदा हवामानाबद्दल बोलले.

गुरुवारी लांब टेबलाच्या एका बाजूला कार्यवाह, ग्रंथपालबाई आणि डॉक्टर बसले होते. डॉक्टरांच्या मांडीवर पिशवी होती. मास्तर बसायच्या आतच बायको बोलायला लागली.

"चौथा भाग काढा. मध्याच्या जरा पुढं. नायक खोलीत येतो तिथं. डावीकडं खिडकी."

ग्रंथपालबाईंनी पान काढलं. "आहे खिडकी."

"खिडकीत कुंडी."

"आहे."

"शेजारी खुर्ची."

"खुर्चीही आहे."

"झालं तर मग! आणि खुर्चीवर?"

ग्रंथपालबाईंनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर टेबलाची कड बघत होते. बरी घासलेली होती.

"खुर्ची रिकामी आहे हो," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या.

"माझ्याही प्रतीत रिकामीच आहे," डॉक्टर म्हणाले.

तिनं मान तिरकी केली. कुणाचा चेहरा बघायचा असला की तिला तसंच बघावं लागे, जरा बाजूनं. "अहो?"

"नाही ती," मास्तर म्हणाले.

"या भागात?"

"कुठल्याच भागात नाही. मीच सांगितली."

कार्यवाहांनी कागदावर लिहिलं, 'पाने शाबूत. सभासदत्व चालू.' त्यांच्या दृष्टीनं सगळं गोड झालं होतं. डॉक्टर मात्र हबकलेच. "म्हणजे आवृत्तीच नाही?" ते दोनदा म्हणाले.

घरी येताना तिनं मास्तरांचं कोपर धरलं होतं, पण जिन्याचा कठडा धरावा तसं. उंबऱ्याच्या आत आल्यावर म्हणाली, "मला दिसत नाही, ते मी पचवलं. तुम्हाला दिसतं ते तुम्ही मला सांगाल, एवढ्यावर माझा सगळा कारभार चालला होता. आता भाजीवाला पालक म्हणून काय देतो आणि तुम्ही काय म्हणून सांगता, मी कुणाला विचारू?"

"खुर्ची रिकामी होती गं," मास्तर म्हणाले. "मला ती तुला रिकामी सांगवेना."

चार दिवस दुपारच्या चहानंतर तिनं रेडिओ लावला. बाजारभाव झाले, हवामान झालं, शेतीविषयक सल्ला झाला. दोघांची शेती नव्हती. मास्तर समोर बसून ऐकत. पुस्तक मांडीवर असे, मिटलेलं. घरात काय खरं आहे हे ती हातानं चाचपून बघायला लागली होती. मास्तर म्हणाले, दूध वर आलंय, तरी ती आधी कान देऊन ऐके.

पाचव्या दिवशी तिनं रेडिओ लावला नाही.

"आणा पहिला भाग," ती म्हणाली. "जे आहे ते. रिकामं असेल तर रिकामं म्हणायचं."

सहा भागांना अकरा दुपारी लागल्या. जिथं जिथं खोली आली, तिथं मास्तर म्हणत, "खिडकी. कुंडी. खुर्ची रिकामी." आणि ती म्हणे, "हं." पहिल्या दिवशी मास्तरांना तो शब्द म्हणताना घाम फुटला. पाचव्या दिवशी तिनं मध्येच थांबवून विचारलं, "कुंडीला पाणी घातलेलं दिसतंय का?" मास्तरांनी खूप वेळ बघितलं. "माती काळी आहे," ते म्हणाले. "म्हणजे ओली असावी. पण ती मी बांधलेली अटकळ. चित्रात फक्त काळी."

"बरं," ती म्हणाली. त्या दिवशी दूध वर आलंय म्हटल्यावर तिनं सरळ गॅस बंद केला.

संच संपल्यावर ती स्वतः वाचनालयात गेली. ग्रंथपालबाईंनी तिच्या नावचं कार्ड केलं. मजकूर तिनं सांगितला, मास्तरांनी लिहिला. 'ताम्रपंख, भाग एक ते सहा, पुन्हा ऐकले. शिवणारी बाई पुस्तकात नाही हे खरे आहे. ही पुस्तकाची चूक आहे. सहाही भागांत खुर्ची मात्र ठेवलेली आहे. त्या अर्थी चित्रे काढणाऱ्याला बाई माहीत असावी, सांगायची राहिली. याआधीचे या वहीतले क्रमांक २१४ चे सगळे अभिप्राय माझे आहेत, अक्षर यांचे.' सही तिनं स्वतः केली, पानाच्या अगदी कडेला, जिथं तिला दिसत होतं तिथं.

रविवारी दुपारी दातांचे डॉक्टर दारात उभे राहिले. हातात पिशवी.

"मावशी, रागावू नका," ते म्हणाले, "पण तुमच्याकडची आवृत्ती ऐकायला मिळेल का?"

तिनं मान तिरकी करून त्यांचा खांदा, मग पिशवी बघितली. "बसा. दोन्ही वाचतील हे. पण पुस्तकातलं कुठलं आणि घरचं कुठलं, ते आधी सांगून."

मास्तरांनी घसा साफ केला आणि दुसरा भाग उघडला. अकराव्या पानावर पोशाख फाटला. बाराव्यावर खोली आली.

"खिडकी," ते म्हणाले. "कुंडी. खुर्ची रिकामी." पुस्तक त्यांनी मांडीवर पालथं ठेवलं. "आता इथून माझं. खुर्चीवर एक बाई बसलीय."

डॉक्टर पुढं सरकले. तिनं डोळे मिटले.

"टाका कुठला?" ती म्हणाली.