वैनीचा दोरा

माझं डोकं लवकर तापतं, आख्ख्या व्हाइटफील्डला ठाऊक आहे. पण रत्नावैनीसमोर मी तोंड उघडत नाही. वर्ष होत आलं, दात आवळून बसलोय.

उमाजीअण्णा माझा थोरला भाऊ, वैनीचा नवरा. आम्ही दोघं झाडं छाटायचो. वाऱ्यानं मोडलेल्या, गाड्यांवर लोंबणाऱ्या फांद्या असल्या की अपार्टमेंटवाले आम्हालाच बोलवायचे. अण्णाची शिस्त म्हणजे नुसता वैताग! चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, हातात घेतला की आधी ब्रेक बघायचा. पुढच्या मुठीसमोर एक कडी असते, ती पुढं ढकलली की साखळी जागच्या जागी थांबते. साखळी फिरते त्या पट्टीचं टोक चुकून कशाला टेकलं तर मशीन उसळून तोंडावर येतं, तेव्हा हात त्या कडीवर आपटतो आणि माणूस वाचतो. "ही कडी तुझी आई समज," म्हणायचा. मशीन खांद्याच्या वर नेलं की शिव्या, कमरेत वाकून कापलं की शिव्या. "कंबर काय तुझ्या बापाची आहे?" अरे, बाप एकच होता की आपला!

गेल्या खंडेनवमीला वैनीनं दिवसभर उपास धरला. नवीन मशीन होतं ना अण्णाचं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, दारात कोहळा फोडला आणि देवळातून आणलेला दोरा फेऱ्यावर फेरे घालून पुढच्या मुठीला बांधला. त्यात कडीही आवळली गेली. तिला बिचारीला काय ठाऊक! आमच्यात हा दोरा तोडत नाहीत, आपणहून गळेपर्यंत ठेवतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. सकाळी अण्णानं कडी ढकलली, हलेना.

"काप तो दोरा," मी म्हणालो.

अण्णा ओशाळं हसला. "उपाशीपोटी बांधलाय रे तिनं. स्वल्प दिवस राहू दे, घामानं गळेल."

"जगाला अक्कल शिकवतोस आणि स्वतः?" मी खेकसलोच.

"सरी, सरी, बरं बाबा. संध्याकाळी तिच्याकडूनच सोडवून मागच्या मुठीला बांधून घेतो. ओरडू नको."

सिल्व्हर ओकची मोठी फांदी खाली पडली होती. तीच कापत होता, जमिनीवर उभा राहून, पाय नीट रोवून. पाल्याआड दुसरी फांदी होती, ती दिसली नाही. टोक तिला टेकलं आणि मशीन उसळलं. त्याचा हात कडीवर आपटला, मी डोळ्यांनी बघितलं. कडी हललीच नाही.

मी शर्ट काढून त्याच्या गळ्यावर दाबून धरला. बोलता येत नव्हतं त्याला. रक्तानं भरलेल्या बोटांनी तो शेजारी पडलेल्या मशीनचा दोरा ओढत होता. तुटेना. माझी नुसती चिडचिड झाली, मरतोयस आणि दोरा कसला ओढतोस! मग कळलं, दोरा कडीवर होता हे वैनीला दिसायला नको होतं त्याला. मी चाकूनं दोरा कापला आणि खिशात घातला. तेव्हा कुठं त्यानं हात खाली सोडला. अँब्युलन्स आली तेव्हा माझा अण्णा उरला नव्हता.

वैनीला सांगितलं, ब्रेक बिघडला होता. तेव्हापासून ती मशीन बनवणाऱ्यांना तळतळून शाप देते. मी मान खाली घालून ऐकतो.

आज परत खंडेनवमी. सकाळपासून वैनीच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. माझं मशीन पुसून तिनं पाटावर ठेवलं, दोरा हातात घेतला.

"भावजी, गेल्या वर्षी माझाच दोरा सैल राहिला असणार. नाहीतर देवीनं त्यांना असं नेलं नसतं. यंदा तुमचा चांगला आवळून बांधते."

ओरडावंसं वाटलं, कुणावर ते कळेना. मी मशीन फिरवलं, मागची मूठ तिच्यासमोर धरली.

"वैनी, इथं बांध."

ती बांधू लागली. डोळ्यांतलं पाणी मुठीवर पडत होतं, तिनं पदरानं ते पुसलं.

"त्यांच्याही इथंच बांधला होता ना हो? मला काही आठवतच नाही बघा."

"हो वैनी," मी म्हणालो, "इथंच."