एकाच भाकरीचे तुकडे

गोडादऱ्यात साड्यांना लेस लावायच्या कारखान्याच्या वर एक हॉल होता. तिथे दर रविवारी ख्रिस्ती मंडळीची मराठी उपासना भरे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; प्रभूच्या आठवणीत एकच भाकर मोडून सगळे वाटून खात. सलग तीन महिने शोभाबाईंनी भाकरीचं ताट नुसतं पुढे सरकवलं होतं.

ताट त्यांच्याकडे येई शेजारी बसणाऱ्या वर्षाच्या हातून. वर्षा हळूच म्हणे, "घ्या, मावशी." शोभाबाई पोट बिघडल्याचं सांगत आणि उपासना संपेस्तोवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसत.

वर्षाचा नवरा लक्ष्मण आणि शोभाबाई पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या एकाच डाइंग मिलमध्ये कामाला होते. मशीनच्या रोलरवरची संरक्षक जाळी सुपरवायझर कुंदनभाईनेच काढायला लावली होती, काम भराभर व्हावं म्हणून. एके दिवशी लक्ष्मणचा उजवा हात आत ओढला गेला. चार बोटं गेली. पलीकडे घड्या घालणाऱ्या शोभाबाईंनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुंदनभाईने कागद पुढे केला. "सही करी दो, मासी," तो गुजरातीत म्हणाला. लक्ष्मणने स्वतःच जाळी काढली, असं त्यात लिहिलं होतं. विधवा बाई, साठी जवळ आलेली. काम गेलं तर दुसरं कोण देणार? शोभाबाईंनी सही केली. लक्ष्मणला मिलने भरपाईचा एक पैसाही न देता घरी पाठवलं.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला त्यांनी भाकर घेतली होती. नखाएवढा तुकडा, पण तो टाळूला चिकटून बसला. पाणी पिऊनही गिळवेना. तेव्हापासून ताट आलं की छातीत धडधड सुरू व्हायची. घरी भाजी निवडताना हात थांबायचा, कामावर घड्या वाकड्या पडायच्या.

शेवटी त्यांनी पाळक योगेंद्र यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मी कायमचंच घेणं सोडलं तर चालेल का, पाळकसाहेब?"

योगेंद्र यांनी त्यांना खुर्ची दिली. मग म्हणाले, "ताट टाळल्याने ती सही पुसली जाणार आहे का? शोभाबाई, ही भाकर चांगल्या माणसांचं बक्षीस नाही. प्रभूने आपलं शरीर मोडू दिलं ते तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच. पण त्याच पंगतीला लक्ष्मणही बसतो. त्याला उपाशी ठेवून तुम्हाला घास कसा जाईल?"

तशाच शोभाबाई रिक्षाने कोसाडला लक्ष्मणच्या घरी गेल्या. लक्ष्मण डाव्या हाताने जेवत होता. वर्षाने त्यांचा चेहरा पाहिला. "काय व्हयनं, मावशी?"

शोभाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "जाळी तू काढली नव्हतीस, लक्ष्मण. मी बघितलं होतं. तरी त्या कागदावर सही केली."

लक्ष्मणचा घास हातातच राहिला. वर्षाचा आवाज चिरकला. "दर महिन्याला मी तुमच्या हातात ताट देत होते! तुमच्या पोटासाठी प्रार्थना करत होते!"

"मला माफ कर, असं म्हणायचीही लाज..." शोभाबाई म्हणाल्या.

"मग म्हणू नका," लक्ष्मण म्हणाला. "हे कामगार ऑफिसात साहेबापुढे सांगाल?"

"सांगते."

बुधवारी त्यांनी सांगितलं. सांगताना जीभ अडखळली, पण कुंदनभाईचं नाव घेतलं. गुरुवारी मिलच्या वॉचमनने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. लक्ष्मणच्या भरपाईच्या अर्जाची चौकशी मात्र पुन्हा सुरू झाली.

पुढच्या प्रभुभोजनाला वर्षा बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. तिने मान वळवली नाही. शोभाबाईंना वाटलं, उठून निघून जावं. काम सुटलेलं, बाकावरची दोन माणसं दुखावलेली. कसलं समाधान न् कसलं काय. योगेंद्र यांनी अख्खी भाकर दोन्ही हातांनी मोडली. ताट बाकावरून सरकत आलं. लक्ष्मणने डाव्या हाताने तुकडा उचलला, वर्षाने उचलला, मधल्या तिघींनी उचलला. ताट शोभाबाईंपुढे आलं. त्यांनी तुकडा घेतला आणि सावकाश चावला. धडधड थांबली नव्हती, पण घास उतरला. आपण माफ झालो की नाही हे त्यांना कळेना. आपल्याला पंगतीतून उठवलेलं नाही, एवढं मात्र कळलं, आणि डोळे भरून आले.

बाहेर जिन्यात वर्षा क्षणभर थांबली. त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "मंगळवारी चौकशीची तारीख आहे. तुम्हाला यावं लागेल."

"येते," शोभाबाई म्हणाल्या.