पाषाणबाबांचा बोलका धोंडा

पर्वताच्या कुशीतील त्या निःशुल्क तळावर ना नळ होता, ना दिवा, ना शौचालय. तंबू ज्याचा त्याचा आणि पाणी ओढ्याचे. चमत्काराला मात्र तोटा नव्हता! सकाळचा चहा विसरून मुक्कामाची तीसेक मंडळी शेकोटीभोवती हात जोडून बसली होती. समोर, दोनच दिवसांपूर्वी अवतीर्ण झालेले पाषाणबाबा विस्तवात एक धोंडा सारत होते.

"धोंड्यातून पहाड बोलतो, धोंडा पाप ओळखतो!" बाबा गर्जले. "इथं कुणी भांडखोर आहे? कुणी कंजूष? कुणाचा पहाडापेक्षा औषधावर जास्त विश्वास?"

फट्! विस्तवातील धोंडा फुटला.

दम्याने जर्जर झालेली ताई उठली. मुठीत श्वासाचा पंप. "माझाच, बाबा."

"टाक तो अग्नीत!"

शेजारी बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीने तिचा हात धरला. दवाखाना सहा तासांच्या उतरणीवर! पण धाकटी जातिवंत कुंभारीण. भट्टीशी तीस वर्षे संसार केलेली. धोंडा फुटल्याचा तो आवाज तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. शिवाय ओढ्यावर जाताना बाबांच्या तंबूमागे धोंड्यांनी भरलेले ओलेचिंब पोते तिने पाहिले होते.

"ताई, जरा थांब. बाबा, पहाड माझ्याशीही बोलेल का हो?"

"भाव शुद्ध असेल तर!"

तिने प्रथम उतारावरचा कोरडा धोंडा विस्तवात सारला. प्रश्नांमागून प्रश्न झाले, पाषाण मौनीच.

"पहाड झोपला वाटतं," कुणीतरी कुजबुजले.

मग तिने पोत्यातला निथळता धोंडा आणला, विस्तवात ढकलून वर लोखंडी कढई पालथी घातली आणि सर्वांना मागे हटवले.

"बाबा खोटं बोलतात का?" ती विचारू लागली. "बाबा खोटं बोलतात का? बाबा खोटं—"

धडाम्! कढई हातभर उडाली. मंडळींत हशा पिकला.

"धोंडा बिघडलाय!" बाबा ओरडले.

"बिघडला नाही, ओला आहे. ओलं मडकं भट्टीत असंच फुटतं. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, वाट मिळाली नाही की फोडून निघते. तुम्ही दहा प्रश्न विचारता. फुटताना जिभेवर असेल तो खरा ठरतो. मी एकच विचारत राहिले, इतकंच."

पोते तेथेच टाकून बाबा उतरणीला लागले. ताईने पंपाचे दोन फवारे ओढले.

"आधी का नाही सांगितलंस गं?"

"माझं कधी ऐकलंयस? तू धोंड्याचं ऐकतेस, म्हणून त्याच्याकडूनच वदवलं!"

सुजनहो, धोंडा बोलला तर हात जोडण्यापूर्वी एवढेच पाहावे: तो ओला आहे की कोरडा, आणि विस्तवात घातला कोणी. औषधाचे मात्र वैद्यालाच विचारावे.